आप्पांच्या मानेवरची पिवळी चिठ्ठी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाक मुरडतच वाचतेय. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतून येणारा बांगड्यांचा आवाज... लिहिणाऱ्याच्या टॉर्चची बॅटरी नेमकी त्याच दिवशी कशी संपते, हा माझा पहिला प्रश्न असतो. मी मुळातच संशयी बाई आहे. प्लंबरपासून कन्सल्टंट डॉक्टरपर्यंत मी कुणालाच सोडत नाही. माझा नवरा म्हणतो, तू चुकून चष्म्याच्या दुकानात लागलीस, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. त्यामुळे आज मीच असलं काही लिहायला बसलेय याची मला जरा लाज वाटतेय. पण माझ्या अनुभवात भूत नाही. म्हणजे आहेत, ढिगाने आहेत, पण ती सगळी एका सिनेमातली आहेत आणि टुणटुण उड्या मारतात.

आधी घर सांगते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला, ट्रेडिंग इस्टेट म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीमागच्या एका गल्लीत राहायचो. आप्पा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. माझा जन्म मुंबईचा, मिलिंदचा इथलाच. तो तेव्हा पॉलिटेक्निकला होता, आणि त्याचं मराठी म्हणजे ज्याला त्याला सरसकट 'तू'. आम्ही आंबेडकरी, बौद्ध. आमच्या घरात देवच नव्हता, तिथे भूत कुठून येणार? भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, आणि कुणी ज्योतिषाचं नाव काढलं की आप्पांचं भाषण.

आप्पा नायगावातले. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटरचं काम शिकले आणि साठच्या दशकात इकडे आले. इथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ते होते. लोखंडाच्या तुकड्यावर नुसतं बोट फिरवून तो किती घासायचा राहिलाय ते सांगायचे, मग मायक्रोमीटर लावायचे, आणि मायक्रोमीटर त्यांच्याशी सहमत झाला की त्याच्याकडे बघून मान हलवायचे. त्या हातांचा त्यांना फार अभिमान होता.

आणि एका गोष्टीचा भयंकर राग होता. गंडेदोरे, ताईत, उतारे. त्याचं कारण होतं. त्यांना शांता नावाची धाकटी बहीण होती. तिला ताप आला तेव्हा माझ्या आजीने भगताकडून ताईत आणून तिच्या दंडाला बांधला, आणि ताईत बांधलाय म्हणून डॉक्टरला बोलवायला उशीर केला. शांता गेली. तो ताईत आप्पांनी स्वतः कात्रीने कापून काढला होता. आप्पा तेव्हा शाळकरी होते. ही गोष्ट त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली, पण तिचे परिणाम आम्ही रोज बघायचो. भारतातून कुणी मिलिंदसाठी लाल दोरा पाठवला, तर त्याने आप्पा मागच्या अंगणातली टोमॅटोची रोपं काठीला बांधायचे. आमच्याकडे टोमॅटोंना दृष्ट लागली नाही कधी.

तर अशा माणसाच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी कपबशी वाजायला लागली. मग सही बिघडली. मग टूलरूममधून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं आणि थोड्याच दिवसांत घरी. हॉस्पिटलने पार्किन्सन्स सांगितलं, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी मळमळायला लागलं, हात होता तसाच. आप्पा आमच्याबरोबर जेवायला बसेनासे झाले. "तुम्ही घ्या जेवून, मला भूक नाही," म्हणायचे आणि मागून किचनमध्ये भिंतीकडे तोंड करून खायचे. चमच्याची खडखड ऐकू येऊ नये म्हणून आई रेडिओ लावायची.

माझं लग्न ठरलं ते याच काळात. मुलगा राहुल, क्रॉयडनचा, आमच्यातलाच. आमच्या लग्नात होम नसतो, भटजी नसतो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावायची, अगरबत्ती लावायची, फुलं वाहायची, मग त्रिशरण-पंचशील. मी लहान असल्यापासून आप्पांनी ठरवलेलं होतं की, सुजाताच्या लग्नात मेणबत्ती मी लावणार. पण त्याच वसंतात एका रविवारी विहारात घोटाळा झाला. विहार म्हणजे भाड्याचा कम्युनिटी हॉल, एरवी तिथे बिंगो चालायचा. आप्पा मेणबत्ती लावायला पुढे गेले, काडी हातातून उडाली आणि टेबलावरचा पांढरा कपडा जळला. फार नाही, तळहाताएवढा. एका काकांनी अगदी प्रेमाने त्यांच्या हातातून काड्यापेटी काढून घेतली. तेवढंच झालं. पण आप्पांनी त्यानंतर विहारात पाऊल ठेवलं नाही, आणि घरी येऊन मला म्हणाले, "लग्नात मेणबत्ती तुझ्या मामाला लावू दे. मी मागे बसेन कुठेतरी." मी रडले, भांडले, पण ते ऐकेनात. शेवटी शेवटी तर 'मला बरं नसलं तर नाही येणार' अशी भाषा सुरू झाली होती. आप्पाच नसतील तर मला ते लग्नच नको होतं.

आता सिनेमा.

मिलिंदला हाँगकाँगच्या मारामारीच्या सिनेमांचं वेड होतं. हाय स्ट्रीटच्या मागे एका सरदारजींचं व्हिडिओ शॉप होतं, जस्सी म्हणायचे सगळे त्यांना. एका रविवारी दुपारी मिलिंद तिथून एक कॅसेट घेऊन आला. आप्पा नाइलाजाने बसले, कारण हॉलमध्ये हीटर होता आणि त्यांच्या खोलीत नव्हता.

सिनेमा असा : एक ताओ पंथाचा जाडा मांत्रिक आहे. त्याचा धंदा म्हणजे परगावी मेलेल्या लोकांना त्यांच्या गावी पोचवणं. खांद्यावरून नाही, चालवत. प्रेतांच्या कपाळावर मंत्राची पिवळी चिठ्ठी चिकटवली की ती गप्प उभी राहतात, आणि त्याने घंटा वाजवली की त्याच्यामागे एका रांगेत उड्या मारत जातात. चिठ्ठी पडली की मात्र चावायला धावतात. त्याचे दोन चेले, एक सुकडा आणि एक जाडा, दोघेही दिवटे. सुकडा चिठ्ठ्यांवर नूडल्स सांडतो. मग स्वयंपाकघरात जी काही मारामारी होते... एका हातात लाकडी तलवार, दुसऱ्या हातात कोंबडा, मांत्रिक भिंतीवरून चालतोय आणि प्रेतं ओळीने उड्या मारत त्याच्यामागे. त्या प्रेतांना डोळ्यांनी दिसत नसतं. ती माणसाच्या श्वासावरून माणूस शोधतात. म्हणून तो जाडा चेला तांदळाच्या रांजणात बसतो आणि गाल फुगवून श्वास धरतो. प्रेत त्याच्या नाकाला नाक लावून हुंगतं. चेल्याचे डोळे बाहेर यायला लागतात.

"धर रे, धर! सोडू नको!" आप्पा टीव्हीवर ओरडले.

मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं. किती महिन्यांनी हा माणूस हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. म्हणाले, "बघा, सुज्ञ माणूस आहे तो. मंत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसता श्वास धरून बसला."

कॅसेटच्या डब्यात एक चिठ्ठी निघाली. पिवळा, लांबट, पातळ कागद, त्यावर लाल रंगात ब्रशने चिनी अक्षरं. सिनेमात होती अगदी तशी. आम्हाला वाटलं, जाहिरातीसाठी घातली असेल. मिलिंदला तेवढंच हवं होतं. त्याने सेलोटेपचा तुकडा तोडला आणि आप्पा हसत असतानाच ती त्यांच्या कपाळावर चिकटवली. "आप्पा, तू आता उडी मार!"

आप्पांच्या हातात चहाचा कप होता. आई त्यांना कप नेहमी अर्धाच भरून द्यायची. आधी तिच्याच लक्षात आलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा हात."

कप स्थिर होता. चहावर एक तरंग नव्हता. आप्पांनी कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात समोर धरला. टूलरूममध्ये धरायचे तसा, बोटं पसरून. तो हात मी लहानपणी बघितलेला हात होता. टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी झाडूने बदडत होतं.

मग आप्पांनी चिठ्ठी खसकन ओढून काढली. हात लगेच थरथरायला लागला. "ताईत आहे हा," ते म्हणाले, "माझ्या घरात ताईत!" आणि उठून खोलीत गेले, हीटर नसलेल्या.

आता माझा स्वभाव बघा. आई हुंदके देत होती, मिलिंद 'ओ माय गॉड' करत होता, आणि मी विचार करत होते की यात कोण कोण सामील आहे. मिलिंदवर पहिला संशय, कारण कॅसेट त्याने आणली. मग आप्पांवर : हसण्यात माणूस विसरतो, हात क्षणभर थांबलाही असेल. आईवरसुद्धा. तिने आप्पांच्या चहात काही घातलं असेल तर? विहारातल्या एका बाईने तिला कसलीशी आयुर्वेदिक पूड दिलेली होती, ती मी डबा उघडून तपासली. ओवा निघाला.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या खोलीत गेले. म्हटलं, "आप्पा, तुम्हीच शिकवलंत ना, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नको, तपासून बघ? मग तपासू या. न तपासता फेकून दिली तर तुमच्यात आणि त्या भगतात फरक काय?"

हे त्यांना लागलं. मग म्हणाले, "तपास. पण नीट तपास."

नीटच तपासलं. पोस्ट ऑफिसातून पिवळा कागद आणला, तसेच तुकडे कापले, लाल पेनाने कसंबसं तसंच गिरगटलं. काही कोरेही ठेवले. आप्पांना खुर्चीवर पाठमोरं बसवलं, हातात काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी. मी त्यांच्या मानेवर, शर्टाच्या कॉलरखाली कधी ही चिठ्ठी चिकटवायची, कधी ती. आई समोर बसून फक्त वाटीकडे बघायची, तिला मी काय लावलंय ते दिसत नव्हतं. पाणी सांडलं तर हातातला चमचा वाजवायचा, एवढंच तिचं काम. माझ्या चिठ्ठ्यांना चमचा वाजत राहिला. डब्यातली चिठ्ठी लावली की किचनमध्ये फक्त फ्रिजचा आवाज. मी पुन्हा पुन्हा केलं. मधेच आईच्या जागी मिलिंदला बसवलं. चिठ्ठीचा वास घेतला, प्लॅस्टिकच्या डब्याचा वास येत होता. दिव्यासमोर धरली. काही नव्हतं. राग आला मला. आपल्याला कुणीतरी फसवतंय आणि कोण ते कळत नाही, यासारखा राग नाही.

"झालं तपासून?" आप्पांनी पाठमोरंच विचारलं. "आता काढ. हात थरथरला तर थरथरू दे. मी लावणार नाही ताईत. शांताला काय तोंड दाखवू?"

तो ताईतच आहे की दुसरं काही, ते तरी कळायला हवं होतं.

म्हणून मी चिठ्ठीचा माग काढायला निघाले. जस्सी म्हणाले, "बेटा, मेरे डिब्बे में कोई कागज-वागज नहीं था." चिनी कॅसेट लंडनहून एक माणूस आणून देतो, तो कोण, कुठला, ते त्यांना सांगता येईना. किंवा सांगायचं नव्हतं. मग आमच्या कोपऱ्यावर चायनीज टेकअवे होता, तिथले मिस्टर लॅम. आप्पा त्यांना ओळखायचे, दोघेही एकाच अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलने भाड्याने दिलेल्या वाफ्यांवर, भाजी लावायचे. मी आप्पांना मुद्दाम बरोबर घेतलं. चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

मिस्टर लॅमनी आधी एप्रनला हात पुसले. मग चिठ्ठी दोन्ही हातांनी उचलली. बराच वेळ बघत राहिले. आप्पांच्या थरथरणाऱ्या हाताकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे.

"व्हेअर यू गेट?"

"व्हिडिओ कॅसेटच्या डब्यात," मी इंग्रजीत सांगितलं.

"आह, व्हिडिओ," ते म्हणाले. "इट्स फ्रॉम शॉप. इट सेज... प्लीज रिवाइंड टेप. रिटर्न ऑन टाइम."

"एवढंच?"

"दॅट्स ऑल. नो मॅजिक." आणि त्यांनी प्रॉन क्रॅकर्सची एक पिशवी आमच्या हातात दिली, फुकट. त्या गल्लीत राहून आम्हाला कित्येक वर्षं झाली होती, मिस्टर लॅमनी कधी कुणाला सॉसचं एक पाकीट जास्त दिलेलं मला माहीत नाही. मी तिथेच ओळखलं की पाणी मुरतंय. दुकानाची नोटीस कुणी ब्रशने लिहितं का?

पण आप्पांचा चेहरा बदलला होता. रस्त्यात थांबून ते हसायला लागले. "नोटीस आहे!" ते म्हणाले. "अगं, नोटीस आहे ती. दुकानाची सूचना. सूचना लावायला माझी काही हरकत नाही. मी युनियनचा माणूस, सगळं आयुष्य नोटिसा वाचण्यात गेलं माझं." मी तोंड उघडलं होतं. माझ्या मनात आलेलं सगळं जिभेवर आलं होतं. पण आप्पा रस्त्यात उभं राहून हसत होते, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी माझा संशय गिळला आणि एक प्रॉन क्रॅकर खाल्ला.

त्यानंतर लग्नापर्यंत आप्पा रोज दुपारी डायनिंग टेबलवर सराव करायचे. कॉलरखाली नोटीस, समोर मेणबत्ती. काडी ओढायची, वात पेटवायची, विझवायची. आईच्या टेबलक्लॉथची काळजी मिटली. ते आमच्याबरोबर जेवायला बसायला लागले, वरणभात, सगळ्यांच्या देखत. कधीकधी चिठ्ठी काढून ठेवून त्या जाड्या चेल्याचा प्रसंग रिवाइंड करून बघायचे. मला वाटायचं, आवडलाय म्हणून बघतात. कॅसेट परत करायची मिलिंदची हिंमत होत नव्हती, चिठ्ठी त्याच डब्यातली ना. जस्सींचे फोन यायचे, मिलिंद फोनवर खोकून दाखवायचा आणि ताप असल्याचं सांगायचा.

लग्न शनिवारी होतं, त्याच बिंगोच्या हॉलमध्ये. क्रॉयडनची मंडळी मोटरवेवर अडकली आणि उशिरा आली. मी पांढऱ्या साडीत घामाघूम. आप्पांनी ब्लेझर घातला होता. मी मिलिंदला विचारलं, "लावलीस ना मागे?" तो म्हणाला, "आईनी लावला." आईला विचारायला वेळच मिळाला नाही, तिला पाहुण्यांनी घेरलं होतं.

आप्पा पुढे गेले. त्या दिवशीचे ते काका पहिल्याच रांगेत होते, त्यांचा हात आपोआप पुढे येत होता हे मी बघितलं. टेबलावर नवा पांढरा कपडा. आप्पांनी काडी ओढली. पहिली मेणबत्ती पेटली. त्याच काडीने दुसरी. मग मेणबत्तीवर अगरबत्त्या धरल्या, एकेक करून, अजिबात घाई न करता. हात जणू रुळावरून चालत होता. मग फुलं ठेवली, मागे सरकले, आणि हात जोडले. माझे डोळे इतके भरले होते की राहुलने मला कोपराने ढोसलं, पंचशील सुरू झालं होतं.

संध्याकाळी निघताना मी आप्पांच्या गळ्यात पडले. हात त्यांच्या मानेवर गेला, आणि सवयीने कॉलरखाली. तिथे काही नव्हतं. ना कागद, ना टेप. आणि माझ्या पाठीवरचा त्यांचा उजवा हात थरथरत होता.

"आप्पा, चिठ्ठी?"

"परत केली," ते म्हणाले. "सकाळी जस्सीचं दुकान उघडल्या उघडल्या. रिवाइंड करून दिली कॅसेट, डब्यात चिठ्ठी घालून. रिटर्न ऑन टाइम लिहिलंय ना?"

"पण का?"

त्यांनी मला जरा लांब धरून बघितलं. "मी काय त्या लॅमला ओळखत नाही? खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, अलॉटमेंटवर बघतो मी. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, आणि मानेवर ते चिकटवून? नाही जमलं मला."

"मग हात?"

"तू तपास," आप्पा म्हणाले, आणि राहुलच्या गाडीचं दार उघडलं.

तपासलं. पुढच्याच आठवड्यात माहेरी आल्यावर जस्सींकडे गेले. कॅसेट होती. डब्यात चिठ्ठी नव्हती. ते शपथेवर सांगत होते की, कॅसेट परत आल्यापासून कुणी नेलेली नाही. मिस्टर लॅमकडे गेले. ते म्हणाले, "व्हॉट पेपर?" कान लाल होते. आप्पांचा हात पूर्वीसारखाच राहिला, पुढे कंप वाढत गेला. पण आता ते आमच्यातच बसून जेवायचे, सांडायचे, आणि सांडलं की म्हणायचे, "नोटीस परत केली ना, मग असंच होणार."

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. मनाचा जोर म्हणून सोडून दिलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी मुलगी चार-पाच वर्षांची असताना तिला आमच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवत होते. मिलिंदच्या मित्राने काढलेला, हलता, अर्धा वेळ छताचा. पण मेणबत्तीचा भाग नीट आलाय, आप्पांचा चेहरा जवळून. मुलगी खिदळायला लागली. "मम्मी, आजोबा फुगला! बलून!"

मी रिवाइंड केलं. आप्पांचे गाल फुगलेले होते. ओठ घट्ट मिटलेले. काडी ओढायच्या आधी ते छाती भरून श्वास घेतात, आणि मग... धरतात. त्या रांजणातल्या चेल्यासारखा.

मी शेजारी बसून त्यांच्याबरोबर श्वास धरला. दुसऱ्या मेणबत्तीपर्यंत बरी होते. अगरबत्त्यांना कानात घुमायला लागलं. फुलांच्या आधीच मी हरले. राहुलने करून बघितलं, तो पोहणारा माणूस, त्यालाही जमलं नाही. टेप कुठे कापलेली नाही, ते मी आधी तपासलं. आयुष्यभर विड्या ओढलेला, आजारी, पन्नाशी उलटलेला माणूस फुलं ठेवून, मागे सरकून, हात जोडून झाल्यावर मग हळूच श्वास सोडतो, आणि त्याच क्षणी जोडलेले हात थरथरायला लागतात. स्पष्ट दिसतं.

आप्पांना विचारलं. तोवर त्यांचं बोलणंही पुटपुटल्यासारखं झालं होतं. हसले. "त्या जाड्याला जमलं, मला का नाही? म्हटलं, ही थरथर आपल्याला हुडकत येते ना, तर तिला पत्ता लागू द्यायचा नाही."

"मग नंतर का नाही केलंत?"

"केलं की. कितीदा केलं. नाही फसली परत."

त्यांच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, श्वास धरून कंप थांबत नाही, ताणाने उलट वाढतो. मग त्या दिवशी काय झालं? त्याने खांदे उडवले. चिठ्ठी खरी होती तर तिच्याशिवाय जमलं कसं, आणि खोटी होती तर माझ्या तपासण्यांमध्ये आईचा चमचा गप्प का राहिला? मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. एकीकडून दार उघडावं तर दुसरीकडचं बंद होतं.

आप्पा गेले त्या दुपारी हॉस्पिटलमध्ये मी एकटीच होते. आई चहा आणायला खाली गेली होती. मी पेपर वाचत होते आणि मधूनमधून त्यांच्याकडे बघत होते. एकदा बघितलं तर चादरीवरचा उजवा हात शांत होता. बोटं जराशी पसरलेली. नर्स आली, तिने नाडी बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ही'ज गॉन, लव्ह."

मी तिला म्हटलं, "जरा थांबा. ते असं करतात."

ती बिचारी थांबली. मीही श्वास धरून बसले होते, आई चहा घेऊन येईपर्यंत.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा. मी मानणार नाही बहुतेक... पण नीट तपासून बघेन.